खोली नंबर दोनशे सातची वायर

आमचा गाळा बारामतीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. दारावरच्या पाटीवर अजून ‘केबल टीव्ही’ असंच लिहिलेलं आहे, पण टीव्हीच्या केबलीसाठी आता कुणी येत नाही. तो धंदा माझ्या सासऱ्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणते. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न होऊन पिंपळीहून बारामतीत आले. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, त्यामुळे धंदा सासरा आणि सून असा आम्हा दोघांच्याच अंगावर आला. टीव्हीची केबल गेली आणि इंटरनेटची आली. खांब तेच राहिले, शिडीही तीच. फरक एवढाच, की आधी खांबावर आबा चढायचे, आता मी चढते.

त्या दिवशी सकाळी नुकतं शटर वर केलं होतं, तेवढ्यात तात्यांचा फोन आला. तात्यांचं हॉटेल इंदापूर रस्त्याला, पिंपळी सोडून सणसरकडं जाताना लागतं. मूळचे ते ऊस आणि द्राक्षवाले. रस्त्याकडेच्या जमिनीत त्यांनी दोन मजली हॉटेल बांधलं, खाली जेवण आणि वर राहायच्या खोल्या. प्रत्येक खोलीत भिंतीवर वायफायचा पासवर्ड फ्रेम करून लावलेला. त्याचा त्यांना फार अभिमान.

“सूनबाई,” तात्या म्हणाले, “हितं एक बाई उतरल्यात. त्यास्नी वायफाय नको, वायर पायजे. मी म्हणलं, वायर कशाला, हवेतनं येतंय की. तर म्हणत्यात, हवेतलं चालणार न्हाय. आता ह्यास्नी काय सांगू?”

“त्यांना वायर कधी हवी आहे?”

“उद्या सकाळी साडेसातच्या आत.”

मी आबांकडं बघितलं. फोन स्पीकरवर होता. आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि टेम्पोची किल्ली उचलली. गेली दोन वर्षं मी तात्यांच्या मागं लागले होते. खोल्याखोल्यांतून वायर टाकून घ्या, येणारे लोक आता नुसतं झोपायला येत नाहीत, लॅपटॉप उघडून काम करतात. तात्या दर वेळी हसून म्हणायचे, “बघू की पुढच्या सीझनला.” आणि आता ते स्वतःहून फोन करत होते. मी पक्कड, कनेक्टरची पिशवी आणि नव्या वायरीचा आख्खा खोका टेम्पोत टाकला, तेव्हा माझे हात शिवशिवत होते.

हॉटेलात पोचलो तर ती बाई खाली जेवणाच्या हॉलमध्ये लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली होती. चाळिशीच्या आसपासची, साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात हेडफोन. मी तिला आधी मॅडम म्हणाले, तर ती म्हणाली, “अहो, मी सणसरची आहे. ताई म्हणा.”

ती दुभाषी होती. जपानी आणि मराठी. पुण्यात राहायची आणि घरात बसूनच काम करायची. चुलत भावाच्या लग्नाला माहेरी आली होती. माहेरच्या घरात पाहुणे मावत नव्हते, दारात मांडव पडला होता, कर्णा दिवसभर वाजत होता. म्हणून एका रात्रीपुरती तिनं हॉटेलात खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिचं काम होतं आणि दहाला भावाची हळद.

“पण वायफायनं भागणार नाही का?” मी मुद्दामच विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तात्यांना ऐकवायचं होतं.

“बघा, माझं काम असं असतं,” ती म्हणाली. “समोरचा जपानीत बोलत असतो आणि तो बोलतानाच मी मराठीत बोलत जाते. तो थांबत नाही, मीही थांबत नाही. आता जपानी भाषेत ‘नाही’ हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. अगदी आपल्यासारखा. तात्या, समजा मी म्हणाले, ‘आम्ही तुमच्या मुलीला कामावर घेणार नाही,’ आणि मध्येच वायफाय अर्धा सेकंद अडकलं, तर काय ऐकू येईल?”

तात्यांनी मनातल्या मनात वाक्य म्हणून बघितलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

“घेणार, असं ऐकू येतंय,” ते म्हणाले.

“म्हणून वायर. ज्यांच्याकडून हे काम येतं, त्यांची ती अटच असते. वायर नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी काम देतात. आणि उद्याचं काम मला सोडायचं नाहीये.”

काम काय आहे ते तिनं त्या वेळी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तिची खोली दोनशे सात. दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या पार टोकाला. तात्यांचा वायफायचा डबा खाली गल्ल्यापाशी. वर त्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा जीव जात होता. आता खालून वरपर्यंत नवी वायर न्यायची तर भिंतीवरून पट्टी मारत न्यावी लागणार, दोन मजले आणि पुढं लांबच लांब पॅसेज. मी जिन्यात उभी राहून मापं घेत होते. आबा मात्र पॅसेजमध्ये जिन्याजवळच्या एका लोखंडी पेटीपुढं उभे होते. पेटीवर रंगाचे दोन-तीन हात बसलेले, त्यामुळे ती भिंतीतलीच वाटत होती. त्यांनी खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं रंग खरवडला आणि झाकण ओढलं.

आत काळ्या, जाड, टीव्हीच्या केबलींचा झुबका.

“ह्या मी टाकलेल्या,” आबा म्हणाले. “हॉटेल बांधताना. तात्या म्हणत हुते भिंतीवरनं टाक, मी म्हणलं न्हाय, स्लॅब पडायच्या आधी पाइप टाक. हितनं ह्या मजल्याच्या सगळ्या खोल्यांत पाइप जातोय. दोनशे सातला बी.”

तात्यांनी मान डोलावली. “व्हय, लय भांडला हुतास तवा.” पुढं खोल्यांना डिशच्या छत्र्या लागल्या आणि त्या केबली पाइपांत तशाच पडून राहिल्या. कुणाला त्यांची आठवण नव्हती. मी इतक्या वेळा या पॅसेजमधून गेले होते, मलाही ती पेटी कधी दिसली नव्हती.

मला एकदम उलगडलं. पाइप होता, आणि पाइपात दोरीसारखी एक केबलही होती. तिच्या शेपटाला नवी वायर बांधायची आणि खोलीतून जुनी केबल ओढायची. जुनी बाहेर येईल तशी नवी तिच्यामागून आत जाईल. भिंत फोडायला नको, पट्टी मारायला नको.

आबा खोलीत गेले आणि टीव्हीमागचा बोर्ड उघडून केबलचं टोक धरून बसले. मी पेटीपाशी. जुन्या केबलच्या शेवटाला नवी वायर तिरकी लावून चिकटपट्टीनं घट्ट गुंडाळली, टोक पेन्सिलीसारखं निमुळतं केलं. ताई पॅसेजच्या मधोमध उभी राहिली, कारण आबांना माझा आवाज ऐकू जात नव्हता.

“ओढा,” मी म्हणाले.

“ओढा,” ताईनं पुढं सांगितलं.

केबल हलली. इतकी वर्षं पाइपात पडलेली ती काळी केबल सरसर पुढं गेली आणि तिच्यामागं माझी निळी वायर भिंतीत शिरली. मी खोक्यातून वायर सोडत होते, हातानं माप घेत होते. चार हात, सहा हात, दहा हात. बाराव्या हाताला अडकली.

“जोरात ओढू का, विचारतात,” ताई म्हणाली.

“नको. गाठ तुटेल.”

मी थोडी मागं घेतली, परत पुढं ढकलली. तिथंच. पाइपाला कुठंतरी वळण होतं. तात्या धावत स्वयंपाकघरात गेले आणि गोड्या तेलाची किटली घेऊन आले. आबांनी खोलीतूनच ओरडून सांगितलं, “त्याल नको, वायरीचं कातडं खातंय. पावडर आण.” तात्या परत खाली गेले. या वेळी त्यांच्या गल्ल्याच्या खणातली, त्यांची स्वतःची, चंदनाच्या वासाची टाल्कम पावडर आली. मी ती मूठभर घेऊन वायरीला चोळली, पाइपाच्या तोंडात फुंकली. सगळा पॅसेज चंदनानं भरून गेला. ताईला शिंका येऊ लागल्या आणि शिंकताशिंकताच ती “ओढा” म्हणाली.

एकदा, दोनदा. तिसऱ्या खेपेला वायर अशी सुटली की खोलीत आबा मागच्या मागं पलंगावर बसले. मी पळत गेले. आबांच्या मांडीवर काळ्या केबलीचं वेटोळं आणि त्याच्या टोकाला निळी वायर, पावडरीनं पांढरी झालेली. आबा हसत होते. मी त्यांना इतकं मोकळं हसताना फार दिवसांनी बघितलं. टीव्हीचा धंदा बसल्यापासून ते माझ्याबरोबर कामाला यायचे, पण गप्प असायचे. जणू आता सगळं माझ्या शिक्षणाचं आहे आणि त्यांचं त्यात काही उरलेलं नाही.

“बघ पोरी,” ते म्हणाले. “पाइप टाकायला लावला म्हनून.”

आता राहिली बाहेरची बाजू. तात्यांच्या जुन्या लाईनीत दम नव्हता. आमची फायबरची लाईन रस्त्याच्या पलीकडच्या खांबावरून जात होती. तिथून एक फायबर रस्त्यावरून हॉटेलच्या गेटवर आणि गेटवरून वरच्या पेटीत आणायची होती. दुपारभर तेच केलं. पेटीत नवीन स्विच, म्हणजे एका लाईनीतून खोल्याखोल्यांना वायरी वाटणारा डबा, बसवला, तात्यांच्या इन्व्हर्टरवर जोडला. फायबर रस्त्यावरून घेईपर्यंत ऊन कलायला आलं होतं. गेटच्या लोखंडी कमानीला ती घट्ट धरून ठेवायला एक पकड लागते, ती नेमकी संपली होती. मी वायरीनंच गाठ मारली.

आबा खालून म्हणाले, “पोरी, कारखाना चालू हाय. उसाच्या गाड्या जात्यात. गाठ सरकंल.”

“सकाळी लवकर येऊन पकड लावू,” मी म्हणाले. “रात्रीपुरती राहील.”

हे माझंच चुकलं. पण त्या घटकेला मला धीरच नव्हता. दोनशे सातमध्ये जाऊन वायर चालू झालेली बघायची होती.

खोलीत टेबलामागं मी नवा बोर्ड बसवला. आठ रंगीत तारा एकेक करून ओळीनं लावल्या, पक्कडीनं दाबल्या. ताईचा लॅपटॉप इतका पातळ होता की त्याला वायरीचं भोकच नव्हतं, पण तिच्याकडं त्यासाठीचा जोड होता. तिनं वायर लावली. कट्ट असा बारीकसा आवाज आला. स्विचपाशी आबा उभे होते, ते ओरडले, “हिरवा लागला.”

ताईनं दुभाष्याच्या कामातल्या तिच्या जोडीदारणीला फोन लावला. ती जपानात राहत होती, तिथं रात्र झालेली. दोघी जपानीत बोलू लागल्या. ताई मुद्दाम भरभर बोलत होती, मध्येच एकदम थांबत होती, पलीकडून एकेक शब्द परत ऐकत होती. मग तिनं हेडफोन काढला आणि तात्यांच्या डोक्यावर ठेवला. तात्या डोळे मोठे करून ऐकत राहिले. पलीकडून ती मुलगी त्यांना काहीतरी म्हणाली असावी, कारण त्यांनी लॅपटॉपला नमस्कार केला.

“शेजारच्या खोलीतनं बोलल्यावानी येतंय की,” ते म्हणाले. हेडफोन काढून त्यांनी पॅसेजकडं बघितलं, बंद दारांच्या ओळीकडं. “सूनबाई, ह्या एका खोलीला दिलीस, मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?”

मी आणि आबांनी एकमेकांकडं बघितलं. दोन वर्षं मी जे पटवत होते, ते एका वाक्यात झालं.

घरी जाऊन जेवले, पण डोक्यात ती गाठ घोळत राहिली. सकाळी सहालाच आम्ही निघालो. पकड माझ्या पर्समध्ये होती. जानेवारीची थंडी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उसावर धुकं. पिंपळी मागं पडली. हॉटेल लांबून दिसायला लागलं तसा रस्त्यात उभा ट्रॅक्टरही दिसला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरच्या उजेडात एक माणूस हातात काहीतरी काळं धरून उभा होता.

ती आमची फायबर होती. गाठ रात्रीतून सरकली, वायर खाली लोंबली आणि ट्रॉलीवर उभ्या बांधलेल्या उसाच्या शेंड्यांत अडकून तटकन तुटली.

मी टेम्पोतून उतरले आणि घड्याळ बघितलं. सहा वाजून वीस मिनिटं. साडेसातला ताईचं काम.

“अक्का, आमाला दिसलं न्हाय ओ,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. तो बीडकडचा ऊसतोड करणारा, बायकोसह आलेला. बायको ट्रॅक्टरवरून खाली उतरून उभी होती. “आवाज आला तसं लगीच थांबिवलं. आमी भरून देऊ का काय ते?”

“तुमची काही चूक नाही,” मी म्हणाले. “माझी आहे. फक्त थोडा वेळ गाडी इथंच राहू द्या. उजेड लागेल.”

आबांनी शिडी पलीकडच्या खांबाला लावली. तिथं मी जादा वायरीचं एक वेटोळं सोडून ठेवलं होतं, ते मोकळं केलं, म्हणजे तुटलेली दोन टोकं एकमेकांपर्यंत पुरतील. मी टेम्पोच्या फाळक्यावर जोड करायचं मशीन मांडलं. फायबरच्या आत काचेचा धागा असतो, केसाएवढा. त्याच्यावरची सालं काढायची, स्पिरिटनं पुसायचा, टोक अगदी सरळ कापायचं, आणि मग मशीन ती दोन टोकं समोरासमोर आणून ठिणगी पाडून वितळवून एक करतं. कोरड्या, स्वच्छ जागी बसून करायचं काम. इथं वारा सुटला होता, दव पडत होतं, बोटं गारठून काठीसारखी झाली होती.

पहिल्या खेपेला टोक कापताना हात हलला. दुसऱ्या खेपेला जोड लागला, पण मशीननं तो नापास केला. मध्ये धूळ किंवा दव गेलं असणार. मी बोटांवर फुंकर मारत होते, तेवढ्यात वारा थांबला. मान वर केली तर ट्रॅक्टरवाल्याची बायको अंगावरची चादर दोन्ही हातांनी पसरून वाऱ्याच्या बाजूला उभी होती.

“करा तुमी,” ती म्हणाली. “मी धरते.”

तिला पुढून मशीनचा छोटा पडदा दिसत होता. त्यावर काचेची दोन टोकं मोठी होऊन दिसतात, दोन नळकांडी समोरासमोर आल्यासारखी.

“हे काय केस हाय का?”

“काच आहे. हिच्यातून बोलणं जातं.”

“कुठवर?”

“आत्ता जपानपर्यंत जाणार आहे.”

तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि चादर आणखी वर धरली. तिसऱ्यांदा मी टोकं ठेवली, झाकण लावलं. पडद्यावर दोन टोकं हळूहळू जवळ आली, मध्ये एक पांढरा ठिपका चमकला आणि दोन्हींची मिळून एक रेघ झाली. मशीननं तो जोड पास केला. माझ्याआधी तीच म्हणाली, “जुळलं.”

आता वायर वर घ्यायची. नुसती वर नाही, इतकी वर की अशी गाडी खालून निघून जावी. ट्रॅक्टरवाला स्वतःच म्हणाला, “गाडी खाली लावतो, म्हंजी अंदाज यील.” त्यानं ट्रॉली बरोबर वायरीखाली आणली आणि माकडासारखा उसावर चढला. मोळीतून एक लांबलचक ऊस उपसून त्याच्या शेंड्यानं वायर वर उचलून धरली. मी गेटच्या कमानीवर चढून पकड बसवली, आबांनी पलीकडून ताण दिला.

“अजून हातभर,” तो वरून म्हणाला. “आमच्यापेक्षा बी जास्त भरत्यात लोक.”

हातभर वर घेतली. पकड आवळली. खाली उतरून मी हॉटेलात धावले. ताई जिन्यातच उभी होती. तिला खिडकीतून सगळं दिसलं होतं, पण ती बाहेर आली नव्हती. आवाज बसेल म्हणून ती कामाच्या आधी थंडीत जात नाही, हे तिनं नंतर सांगितलं. वर पेटी उघडली. स्विचवरचा दिवा आधी पिवळा लुकलुकला, मग हिरवा स्थिर झाला. सात वाजून पाच मिनिटं.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. दोन्ही ट्रॉल्या वायरीखालून सुखरूप निघून गेल्या. मागच्या ट्रॉलीच्या शेंड्यावर आणि वायरीत चांगली जागा उरली होती. त्यांना चहा पाजायचं राहून गेलं, याची रुखरुख मात्र लागली. तात्यांनी सांगितलं, की आबांनी त्यांना बळेबळे दोन पुडे बिस्किटं दिली.

ताईनं आयोजकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की खोलीत वायरवाली तंत्रज्ञ बसेल. त्यांची हरकत नव्हती. मी मोबाइल बंद करून कोपऱ्यात जमिनीवर बसले. दार लावलेलं, पंखा बंद. साडेसात वाजले आणि ताईचा चेहराच बदलला. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले.

तेव्हा मला कळलं काम काय आहे ते. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या काही मुली नर्सिंग शिकून जपानातल्या एका वृद्धाश्रमात कामाला जाणार होत्या. त्यांना थोडंफार जपानी येत होतं, पण त्यांच्या आईवडिलांना नाही. आज त्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाई थेट आईवडिलांशी बोलणार होत्या. सगळे आपापल्या गावातून मोबाइलवर जोडलेले. लॅपटॉपवर छोट्याछोट्या चौकोनांत फेटे, पदर, मागं कुणाची तरी भिंत, कुणाचा गोठा.

आधी प्रमुख बाई बोलल्या. मला हेडफोनमधलं ऐकू येत नव्हतं, फक्त ताईचा आवाज. राहायची सोय कशी, किती जणी एका घरात, सुट्टी कधी. ती बोलत होती आणि तिची उजव्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू वाजत होती, जणू ती शब्द मोजत होती. मग प्रश्न सुरू झाले. आता ती उलट्या बाजूनं जपानीत बोलत होती, म्हणून मला फक्त उत्तरं कळत होती आणि मी उत्तरांवरून प्रश्न ओळखत होते.

“हो, भात रोज मिळेल. तांदूळ थोडा चिकट असतो.”

“आजारी पडली तर आम्ही दवाखान्यात नेऊ. आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करू.”

मग बराच वेळ ताई जपानीत बोलली. कुणीतरी लांबलचक विचारलं असणार. पलीकडून उत्तर सुरू झालं तशी ताईही सुरू झाली, “पहिलं वर्षभर तुमच्या मुलीला रात्रपाळीहून एकटीनं घरी जावं लागणार...” आणि मी श्वास धरला. माझे डोळे स्विचच्या दिशेनं गेले, जरी तो भिंतीपलीकडं होता. “...नाही,” ताई म्हणाली. “आमची एक जण बरोबर येईल.”

एका चौकोनातल्या बाईनं पदरानं डोळे पुसले. मी खाली बघितलं. माझ्या ड्रेसच्या बाह्यांना अजून चंदनाची पावडर लागलेली होती.

सव्वा तास चाललं. वायर एकदाही अडखळली नाही. शेवटी ताईनं हेडफोन काढला, पाणी प्यायली आणि तिच्या मूळच्या बोलीवर आली. “झालं बाई एकदाचं. हात बघा माझं, गार पडल्यात.” मग आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो. बाहेर पॅसेजमध्ये तात्या आणि आबा खुर्च्या टाकून बसले होते, कुणी दारावर टकटक करू नये म्हणून राखण करत. तात्यांनी सकाळपासून तो आख्खा पॅसेज बंद ठेवला होता, साफसफाईसुद्धा करू दिली नव्हती.

“सगळं पोचलं?” तात्यांनी विचारलं.

“सगळं,” ताई म्हणाली. “शेवटच्या शब्दापर्यंत.”

ती हळदीला गेली. जाताना आम्हाला दोघांना लग्नाचं आमंत्रण देऊन गेली आणि आम्ही गेलोही. सणसरच्या त्या मांडवात तिनं आबांची ओळख आपल्या आईशी करून दिली ती अशी, “ह्यांनी पाइप टाकून ठेवला होता.” आबांनी तिथं जिलब्या जरा जास्तच खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात तात्यांच्या सगळ्या खोल्या झाल्या. दुसऱ्या मजल्याला पेटीचा आधार होता. पहिल्या मजल्यावर दोन पाइप बुजलेले निघाले, तिथं मात्र भिंतीवरून पट्टी न्यावी लागली. हॉटेलात कारखान्याच्या यंत्रांवर काम करायला आलेला एक इंजिनिअर उतरला होता. तो आमच्या मागं मागं फिरून कधी होणार, कधी होणार विचारायचा. त्याच्या खोलीत वायर लागली त्या संध्याकाळी त्यानं घरी असलेल्या आपल्या मुलीला लॅपटॉपवरून गोष्ट वाचून दाखवली, दार उघडं ठेवून, पॅसेजभर ऐकू येईल अशा आवाजात. तात्या आता नव्या पाहुण्याला किल्ली देताना टेबलामागचा बोर्ड स्वतः वर जाऊन दाखवतात. पासवर्डच्या फ्रेमाही अजून आहेत. त्या काढायला ते तयार नाहीत.

त्यानंतर महिन्याभरात इंदापूरहून फोन आला. तिथल्या एका हॉटेलवाल्यानं तात्यांकडं मुक्काम केला होता. त्याची इमारत जुनी, पाइप नाहीत, भिंती दगडाच्या. मी आणि आबा बघायला गेलो. आबांनी एका भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, दोन पावलं पुढं जाऊन परत मारली. हॉटेलवाला त्यांच्याकडं बघत राहिला.

“पोरी, हितनं जाईल,” आबा म्हणाले, आणि त्यांनी खिशातून खडू काढून भिंतीवर एक फुली मारली. मी ड्रिल मशीनला लांब बिट लावला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि फुलीवर टोक टेकवलं.